मारणार होता

"साहेब, त्यानं मारलं नव्हतं अजून. पण मारणार होता."

फौजदारी कोर्टात स्वसंरक्षणाचा बचाव घेणारा माणूस कितीही आडवळणानं बोलला तरी शेवटी याच वाक्यावर येऊन थांबतो. वाक्याचा सगळा भार त्या 'णार'वर असतो. 'मारलं' म्हटलं की जखम दाखवता येते, डॉक्टरचा दाखला जोडता येतो. 'मारत होता' म्हटलं की बघणारा साक्षीदार उभा करता येतो. 'मारणार होता' म्हटलं की दाखवायचं काय? जे घडायच्या आतच थोपवलं गेलं, त्याचा पंचनामा कोण आणि कुठे करणार?

या 'णार'ची सर्वांत नेटकी फोड मला एका निकालपत्रात सापडली. १९५२ सालचं, सर्वोच्च न्यायालयाचं, 'अमजद खान विरुद्ध राज्य'. लिहिणारे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस. हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच पानं. मोबाइलवरच्या चित्रफितींनी खटले भरून गेलेल्या आजच्या काळात ती पानं पुन्हा वाचावीशी वाटतात, आणि वाचताना एक गंमत लक्षात येते. ज्या प्रकरणाचा एकही फोटो न्यायमूर्तींसमोर नव्हता, ते प्रकरण त्यांना फार स्पष्ट दिसलं होतं.

बोस नागपूरचे. तिथेच वकिली केली, तिथल्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले आणि १९५१ मध्ये दिल्लीला गेले. त्यांचं इंग्रजी गद्य वकिलांच्या कितीतरी पिढ्यांनी चवीनं वाचलं आहे. अन्वर अली सरकार खटल्यातलं त्यांचं स्वतंत्र निकालपत्रही १९५२ चंच, आणि ते जास्त गाजलेलं. त्याच्या शेजारी अमजद खानचं निकालपत्र साधं दिसतं. त्यात मोठी तत्त्वचर्चा नाही, अलंकार जवळपास नाहीत. एक दुकान आहे, एक दार आहे, बाहेर जमाव आहे.

प्रसंग ५ मार्च १९५० चा, गाव कटनी. तेव्हाच्या मध्य प्रदेशात, म्हणजे नागपूर उच्च न्यायालयाच्या हद्दीत. फाळणीनंतर आलेले सिंधी निर्वासित आणि गावातले मुसलमान यांच्यात दंगल उसळली. मुसलमानांच्या दुकानांतला माल रस्त्यावर विखुरला गेला, काहींचे जीव गेले. बातमी पसरत अमजद खानच्या भागापर्यंत आली. दुकानदारांनी फळ्या लावल्या, त्यानंही दार बंद केलं. लागूनच त्याच्या भावाचं दुकान. जमावानं ते फोडलं आणि लुटायला सुरुवात केली. मग लाठ्या अमजदच्या दारावर पडू लागल्या. आत तो, त्याची माणसं आणि एक बंदूक. त्यानं दोन गोळ्या झाडल्या. एक सिंधी माणूस मेला, काही जखमी झाले. सत्र न्यायालयानं त्याला खुनी ठरवलं, नागपूर उच्च न्यायालयानं ते कायम केलं. ज्या न्यायालयाच्या खुर्चीवर बोस स्वतः बसलेले होते, त्याच न्यायालयाचा निकाल आता त्यांच्यापुढे अपिलात आला.

निकालपत्राची मांडणी बघण्यासारखी आहे. आधी कायदा, मग हकीगत, मग एकच प्रश्न. कायद्याचा भाग ते इतक्या सोप्या वाक्यांत सांगतात की कलमांचे आकडे काढून टाकले तरी अर्थ उभा राहील. आपल्या शरीराचं रक्षण करता येतं, दुसऱ्याच्याही. मालमत्तेचं करता येतं, स्वतःच्या आणि परक्याच्या. पण पोलिसांकडे धाव घ्यायला सवड असेल तर हा हक्क नाही. बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करायची नाही. आणि जीव घ्यायचा झाला तर मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी धास्ती हवी. दंड संहितेच्या ९६ ते १०६ या कलमांचा हा सारांश. आज तीच कलमं भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ झाली आहेत, गाभा तोच आहे.

हकीगतीच्या भागात बोस स्वतःचं काही घालत नाहीत. खालच्या कोर्टांनी जे खरं धरलं तेवढंच ते घेतात. कोण काय ओरडलं, जमावात किती माणसं होती, कोणाच्या डोळ्यांत रक्त उतरलं होतं, यातलं काही नाही. दोन्ही समाजांची नावं येतात ती विशेषणांशिवाय. मला हा संयम फार मोलाचा वाटतो. दाराबाहेरची माणसंही घरदार टाकून आलेली होती, त्यांच्याही पोटात कसली तरी भीती असणार. पण न्यायाधीश त्या वाटेला जात नाहीत. कुठला समाज बरोबर हे त्यांना ठरवायचं नाही. दारामागे उभ्या असलेल्या एका माणसाला, त्या मिनिटाला, काय दिसत होतं एवढंच ठरवायचं आहे.

आता तो प्रश्न. खालच्या कोर्टांना एक गोष्ट टोचत होती. गोळी सुटली तेव्हा अमजदचं दार फुटलेलं नव्हतं. जमाव आत आलेला नव्हता. म्हणजे भूतकाळी क्रियापद एकही नाही, 'फोडलं' नाही आणि 'शिरले' नाही. मग कशाच्या बळावर जीव घेतला?

बोस यांचं उत्तर कायद्याच्या शब्दांतूनच निघतं. हक्क सुरू होतो तो धास्ती निर्माण होते त्या क्षणी. गुन्हा पुरा होण्याची वाट पाहायला कायदा सांगतच नाही. शेजारच्या दुकानाचं जे झालं ते आपल्याही दुकानाचं होईल की नाही, हे थांबून पाहिल्याशिवाय त्याला कळणं शक्य नव्हतं. आणि थांबून पाहिलं असतं तर कळेपर्यंत उशीर झाला असता.

इथपर्यंत कुठलाही हुशार न्यायाधीश आला असता. पुढची पायरी मात्र खास बोस यांची. समजा दार फुटलं. मग काय होईल? दुकान लुटलं जाताना दुकानदार गप्प बसेल का? तो विरोध करणार, त्याला तसा हक्क आहे, आणि त्यानं तसं करावं अशीच कोणाचीही अपेक्षा असेल. म्हणजे जमाव आत, हा विरोध करणारा एकटा, मागे घरची माणसं. तेव्हा त्याच्या जिवाचं काय होईल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. मालावरचा घाला जिवावरच्या घाल्यात कसा बदलतो, हे दोन-तीन वाक्यांत बोस यांनी दाखवलं आहे. ते दाराच्या आत जाऊन उभे राहिले आहेत. लाठ्यांचा आवाज आतून ऐकला की 'णार' आपोआप कळतो. धमकी कोणी तोंडानं दिलेली नव्हती. जमाव जे करत होता त्यातच ती होती.

शेवटी येते या निकालपत्रातली एकमेव प्रतिमा. अशा गोष्टी फार नाजूक तराजूत तोलता येत नाहीत, असं म्हणून ते सोन्याच्या तराजूचा उल्लेख करतात. आणि प्रामाणिकपणे हेही नोंदवतात की हा शब्द आपला नाही, आधीच्या काही न्यायाधीशांचा आहे. आपल्याकडे लगेच आठवतो तो सराफाचा काटा. काचेच्या पेटीत ठेवलेला, कारण वाऱ्याच्या झुळकीनंही पारडं हलतं. पंखा बंद करून, श्वास रोखून सराफ गुंज, मासा तोलतो. असा काटा भर दंगलीत, हलत्या दारापाशी नेऊन ठेवला तर काट्याचं काय होईल? प्रतिमेतली खुबी इथे आहे. काटा खोटा नाही, त्याची जागा चुकीची आहे. कोर्टाच्या शांततेत तो बरोबर चालतो, पण तोलायची वस्तू त्या शांततेतली नाहीच.

गोळीबारानं जमाव पांगला नाही, उलट चेवला आणि लुटालूट झालीच, हे बोस जाता जाता नोंदवतात. बळ जास्त वापरलं का, या प्रश्नाला हे त्यांचं उत्तर. ज्या बळानं संकट थांबलंही नाही, ते गरजेपेक्षा जास्त कसं म्हणायचं? अमजद खान सुटला.

बोस यांच्या आधी ज्यांनी ही कलमं रचली, त्यांनाही 'णार'ची जात ओळखीची होती. मेकॉलेच्या आयोगानं १८३७ मध्ये मसुदा दिला, १८६० मध्ये त्याचा कायदा झाला. त्यातले दृष्टांत मला लघुकथांसारखे वाटतात. एकात 'क' रात्री एका घरात शिरतो, आणि शिरायचा त्याला कायदेशीर हक्क आहे. 'य' त्याला प्रामाणिकपणे घरफोड्या समजून हल्ला करतो. 'य'चा गुन्हा नाही, कारण त्याची समजूत खरी होती, फक्त वस्तुस्थिती वेगळी होती. आणि तरी 'क'ला स्वतःचा बचाव करायचा पुरा हक्क आहे. अंधारात दोन निरपराध माणसं एकमेकांवर हात उगारून उभी, आणि कायदा दोघांच्याही बाजूनं! दुसऱ्या दृष्टांतात जमाव एकाचा जीव घ्यायला धावतो, गोळी झाडल्याशिवाय सुटका नाही आणि जमावात लहान मुलं मिसळलेली आहेत. मुलांना इजा झाली तरी त्याचा गुन्हा नाही, इतकं सांगून कायदा गप्प होतो. त्या माणसाला नंतर झोप लागली का, हे कायद्यानं विचारलेलं नाही.

या सगळ्यात कॅमेरा आणून ठेवू या. 'क' आणि 'य' यांच्या त्या अंधाऱ्या घरात आज सीसीटीव्ही असेल. त्यात काय दिसेल? एक माणूस दारातून आत येतो, दुसरा त्याच्यावर तुटून पडतो. दोघांचे हात दिसतील, दोघांची समजूत दिसणार नाही. छायाचित्राला भूतकाळ असतो, चित्रफितीला फार तर चालू वर्तमानकाळ असतो. 'णार' दोघांनाही नाही.

तालुक्याच्या कोर्टात बांधावरच्या मारामारीची चित्रफीत ज्यानं पाहिली आहे त्याला आणखी एक गोष्ट ठाऊक असते. मोबाइल खिशातून निघतो तो भांडण पेटल्यावर. पहिल्या चौकटीतच काठी वर गेलेली असते. त्याआधी कोणी कोणाच्या अंगावर विळा घेऊन आलं, कोणी कोणाला कोपऱ्यात गाठलं, हे चित्रण सुरू होण्यापूर्वीच होऊन गेलेलं. मग पडदा आडवा धरून, आवाज वाढवून, पुन्हा पुन्हा मागे नेऊन सगळे जण ती काठी बघत बसतात. काठी खरी असते. ती कशाला उत्तर होती तेवढं चित्रात नसतं.

या पेचाचं सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेतलं आहे. विस्कॉन्सिन राज्यातल्या केनोशा गावी ऑगस्ट २०२० मध्ये दंगलीच्या रात्री काइल रिटनहाउस या सतरा वर्षांच्या मुलानं रायफलनं दोघांना मारलं, एकाला जखमी केलं. बचाव एकच होता, स्वसंरक्षण. नोव्हेंबर २०२१ मध्ये खटला चालला तेव्हा चित्रफितींची कमतरता नव्हती. रस्त्यावरचे मोबाइल होते, आकाशात ड्रोनही होता. कटनीच्या अगदी उलट. तरीही खटल्याचा एक मोठा वाद अडला तो काही ठिपक्यांवर.

सरकारी वकिलांचं म्हणणं असं, की पाठलाग सुरू होण्याआधी मुलानंच लोकांवर रायफल रोखली होती आणि ड्रोनच्या चित्रणात ते दिसतं. हे सिद्ध झालं असतं तर बाजी उलटली असती. तिथल्या कायद्यात आधी चिथावणी देणाऱ्याचा बचावाचा हक्क बराच आखडतो. म्हणजे प्रश्न होता पहिला 'णार' कोणाचा, हा. चित्रात मात्र ती आकृती अगदी लहान आणि धूसर होती. सरकारी वकील आयपॅडवर दोन बोटांनी चित्र मोठं करून दाखवायला निघाले, तर बचावाच्या वकिलांनी हरकत घेतली. यंत्रातली कृत्रिम बुद्धिमत्ता चित्रात नसलेलं काही भरते, असं ते म्हणाले. बोलण्याच्या भरात अल्गोरिदमच्या जागी 'लॉगॅरिदम' हा शब्द आला आणि जगभर हशा झाला. न्यायाधीश ब्रूस श्रोडर मात्र हसले नाहीत. मोठं केल्यानं चित्र बदलत नाही हे दाखवायची जबाबदारी त्यांनी सरकार पक्षावर टाकली.

हरकतीची भाषा बावळट होती, पण हरकत बावळट नव्हती. लहान चित्र मोठं करायचं म्हणजे एका ठिपक्याच्या जागी अनेक ठिपके लागतात. ते आणायचे कुठून? संगणक शेजारच्या ठिपक्यांचे रंग बघून मधली जागा अंदाजानं भरतो. आपण फाटलेल्या सतरंजीला शेजारच्या पट्ट्यांवरून रफू करतो तसं. नक्षी जुळते, पण तो धागा मूळचा नसतो. सुट्टीच्या फोटोत याचं काही बिघडत नाही. पण रायफलची नळी चार-सहा ठिपक्यांची असेल आणि त्यातले काही भरलेले असतील, तर त्या नळीची दिशा कोणी ठरवली? पुढे राज्याच्या प्रयोगशाळेतल्या तज्ज्ञानं दुसऱ्या सॉफ्टवेअरनं मोठी केलेली प्रतिमा पुराव्यात आली, त्याची यावरूनच कसून उलटतपासणी झाली. मग आणखी एक गोष्ट उघड झाली. सरकार पक्षाकडची ड्रोनची फाइल ११.२ मेगाबाइटची होती, बचाव पक्षाला मिळालेली ३.६ मेगाबाइटची. चित्रण एकच, पण पाठवताना दाबलं गेलेलं. पंचांनी त्या चित्रणासह सगळं पाहिलं आणि १९ नोव्हेंबरला मुलाला निर्दोष ठरवलं. निकाल पटो न पटो, एवढं खरं की सगळ्यांत जवळून पाहिलेल्या चित्रात सगळ्यांत कमी दिसलं होतं.

आपल्या कायद्यानं फाइलच्या अस्सलपणाची काळजी आता बरीच घेतली आहे. जालन्याच्या निवडणूक वादात उमेदवारी अर्ज दुपारी ३ नंतर आले का, हे निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतल्या चित्रणावरून ठरवायचं होतं. त्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सांगितलं की मूळ यंत्र हजर नसेल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याला कायद्यातलं प्रमाणपत्र लागणारच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या ६३ व्या कलमात त्या प्रमाणपत्राबरोबर फाइलचं हॅश मूल्यही द्यावं लागतं. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा. एक ठिपका बदला, अख्खा आकडा बदलतो. केनोशाच्या दोन फाइलींचे हॅश काढले असते तर त्या एक नाहीत हे क्षणात कळलं असतं.

पण हॅश सांगतो ते एवढंच की चित्र तेच आहे. चित्रातला माणूस काय करणार होता, हे त्याच्या कक्षेत नाही. आणि चित्र अस्सल असूनही फसवू शकतं. २०१६ मध्ये अमेरिकी संशोधकांनी खऱ्या खून खटल्यातलं गोळीबाराचं चित्रण लोकांना दाखवलं, काहींना नेहमीच्या वेगानं, काहींना संथ गतीनं. संथ पाहणाऱ्यांना त्या कृतीत जास्त हेतुपूर्वकपणा दिसला. एकही ठिपका बदललेला नव्हता, फक्त वेळ ताणला होता. पाहणाऱ्याला विचार करायला जेवढा वेळ मिळाला तेवढा तो करणाऱ्यालाही मिळाला असेल, असं मन धरून चालतं. बोस यांचा सराफी काटा इथे नव्या रूपात परत येतो. चौकट थांबवणं, मागे नेणं, मोठं करणं म्हणजे पंखा बंद करून गुंज तोलणंच आहे.

म्हणून चित्रफिती फेकून द्यायच्या का? तसं म्हणणं या निकालपत्राचा चुकीचा अर्थ लावणं होईल. 'मारणार होता' हे वाक्य खोटारड्यालाही बोलता येतं, आणि तो ते जास्त सफाईनं बोलतो. धास्तीच्या आधी 'वाजवी' हा शब्द आहे तो त्यासाठीच. अमजद खानच्या शेजारी ठेवून वाचावा असा 'जय देव विरुद्ध पंजाब राज्य' हा १९६२ चा निकाल आहे, न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांचा. तिथे जमिनीच्या ताब्यावरून संघर्ष झाला, आणि गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा समोरची माणसं पळू लागली होती. गजेंद्रगडकरही म्हणतात की कोर्टाच्या अलिप्त शांततेतले निकष त्या क्षणाला लावू नयेत. पण ते हेही म्हणतात की धास्तीचं कारण संपलं की हक्कही संपला. आरोपींना शिक्षा झाली. छाती समोर असते तोवर 'णार', पाठ फिरली की नाही. आणि पाठ मात्र कॅमेऱ्याला दिसते, अगदी स्वच्छ दिसते. धास्तीचा जन्म चित्रात सापडणार नाही, तिचा शेवट बहुधा सापडेल. चित्रफितीकडून मागायचं ते हे.

पुन्हा कटनीच्या दाराकडे येतो. कल्पना करा, दोन गोळ्यांनंतर जमाव पांगला असता. दुसऱ्या दिवशी कोणी फोटो काढला असता. दाराला चार ओरखडे, कडी शाबूत, आतला माल फळीवर जागच्या जागी, आणि उंबऱ्याबाहेर एक प्रेत. फोटो शंभर टक्के खरा, हॅश जुळणारा, प्रमाणपत्रासह. त्याकडे बघून नव्वद जण म्हणतील, दार तर फुटलंच नाही, मग माणूस का मारला? बोस यांच्या तर्कात त्या फोटोनं काही फरक पडत नाही. दार फुटलं असतं तर काय झालं असतं, हे त्यांनी आधीच विचारून ठेवलेलं आहे.